टाकीतलं पाणी आणि पेनावरचा आकडा

चेन्नईतल्या कोळत्तूरची गल्ली न् गल्ली शोभेच्या माशांवर जगते. तिथून निघालेली थर्माकोलची खोकी मुंबईत पोचतात, तेव्हा प्रत्येक पिशवीत एक प्रयोग बराच पुढे गेलेला असतो. पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू आणि तोंडाशी घट्ट रबर. मासे श्वास सोडत राहतात. त्यांचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी आंबट होत जातं, पीएच खाली येतो. त्याच वेळी माशांच्या कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर पडून साठत असतो. आंबट पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात राहतो, म्हणून एवढ्या प्रवासानंतरही मासे जिवंत असतात. मग रबर सुटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोवर झोपलेला अमोनिया जागा होतो. पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत मासे ‘सवयीला लावण्याची’ पद्धत जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला ठीक आहे. लांबून आलेल्या पिशवीत तोच तास घातक ठरू शकतो.

इथे पीएचचा एक भरवशाचा आकडा मिनिटाच्या आत मिळाला, तर माणसाचा हात वेगळं वागेल. पिशवीतलं पाणी टाकून मासे लगेच स्वच्छ पाण्यात घ्यायचे की थांबायचं, हे त्या आकड्यावर ठरेल. डिजिटल टेस्टरची किंमत आणि मोल यांचा हिशेब मी याच कसोटीवर मांडते. आकडा पाहिल्यावर आपण काही वेगळं करणार असू, तर यंत्र पैशाला जागतं. काहीच बदलणार नसेल, तर दोनशे रुपयेही जास्तच झाले.

क्रॉफर्ड मार्केटच्या आतल्या बाजूला किंवा कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत आज काउंटरवर हमखास दिसणारं यंत्र म्हणजे टीडीएस पेन. दोन-तीनशे रुपयांना मिळतं, ऑनलाइन त्याहून स्वस्त. हे पेन आपल्या घरात शिरलं ते मात्र माशांमुळे नव्हे, आरओ विकणाऱ्यांमुळे. नळाच्या पाण्यात पेन बुडवायचं, आकडा दाखवायचा, मग यंत्रातून आलेल्या पाण्यात बुडवायचं आणि छोटा झालेला आकडा दाखवायचा. छोटा आकडा म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण तेव्हा लाखो स्वयंपाकघरांत रुजलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंतचे विरघळलेले घटक, म्हणजेच टीडीएस, स्वीकारार्ह मानले आहेत. जिथे ते त्याहून कमी आहेत, तिथे आरओवर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला दिले. तरीही ‘टीडीएस किती?’ हाच प्रश्न आता माशांच्या टाकीपाशीही पहिला विचारला जातो.

पेन प्रत्यक्षात काय मोजतं? त्याच्या टोकाला दोन पिना असतात. त्यांच्यामधून पाण्यात वीज किती सहज वाहते, एवढंच त्याला कळतं. पुढे आतली चिप त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणते आणि पीपीएम दाखवते. गुणक कोणी ०.५ धरतं, कोणी ०.७. म्हणजे त्याच बादलीतलं पाणी एका पेनावर ५०० दिसेल आणि दुसऱ्यावर ७००. दोन्ही पेनं आपापल्या परीने बरोबर. वीज वाहून नेणारे कण मिठाचे आहेत, चुन्याचे आहेत की माशांच्या मैल्यातून आलेले, हे पेनाला सांगता येत नाही. लिटरमागे एक मिलीग्रॅम अमोनिया ही टाकीसाठी धोक्याची घंटा असते, पण टीडीएसच्या आकड्यात तिने फार तर दोन-चारची भर पडते. तेवढा फरक पाण्याच्या तापमानानेही पडतो. क्लोरीनची बातमी तर पेन देतच नाही.

पेन निरुपयोगी आहे, असं मला म्हणायचं नाही. आरओचा पडदा झिजला की नाही, हे ते चोख सांगतं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या डिस्कसची किंवा टेट्राची पैदास करणाऱ्याला अगदी कमी क्षारांचं पाणी लागतं. तो रोज बोअरचं आणि आरओचं पाणी मिसळत असतो, त्याला पेनाशिवाय चालणार नाही. मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्यालाही उन्हाळ्यात पाणी आटत जाताना क्षार किती वाढले, हे त्याने कळतं. पण हॉलमध्ये दोन फुटी टाकी, तिच्यात सहा गोल्डफिश आणि घरी नळाचं पाणी असेल, तर त्या कुटुंबाला या आकड्यावरून करण्यासारखं जवळपास काही नाही. मासे मरायला लागल्यावर पेन १२० दाखवतं, घरातले म्हणतात पाणी चांगलंय, आणि खरं कारण शोधायचे दोन दिवस हातचे जातात.

ते खरं कारण बहुतेक वेळा अमोनिया असतं. नव्या टाकीत मासे सोडले की त्यांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंची वस्ती वाढते. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला ‘टाकी सायकल होणं’ म्हणतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात, तेव्हा त्या माशांना हे सगळे आठवडे विषात काढावे लागतात. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात इतक्या टाक्या रिकाम्या होऊन माळ्यावर जातात, त्याचं मूळ यात आहे.

अमोनियाचा आकडाही एकट्याने पुरत नाही. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग सुमारे साडेपाच टक्के होतो, म्हणजे जवळपास दसपट. मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की आणखी वाढ. म्हणून ‘अमोनिया एक आहे’ एवढं कळून भागत नाही, सोबत पीएच आणि तापमान हवं. यातलं तापमान मोजणारा डिजिटल थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. स्वस्त डिजिटल यंत्रांमध्ये सगळ्यात प्रामाणिक यंत्र तेच, असं माझं मत आहे. पेनासारखं बुडवलं की अमोनियाचा खरा आकडा दाखवणारं भरवशाचं स्वस्त यंत्र मात्र घरगुती बाजारात नाही. त्यासाठी आजही काचेची छोटी नळी, दोन बाटल्यांतले थेंब आणि पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतची रंगपट्टी लागते. गोड्या पाण्याचं एपीआय कंपनीचं मोठं किट साधारण तीन-चार हजारांना येतं. पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मिळून सुमारे ८०० चाचण्या त्यात होतात. म्हणजे एका चाचणीला पाच रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशात अमोनियाची खबर देणारं डिजिटल काही सापडायचं नाही.

मुंबईच्या पाण्याबद्दल मला इथे जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथल्या टाक्यांचं एक दुखणं या शहराच्या पाण्याशी जोडलेलं आहे. तानसा, भातसा, मोडक सागर, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांत साठतं ते सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी. ते मऊ असतं. त्यात क्षार कमी असतात आणि आम्ल झेलून धरणारी कार्बोनेटची ताकदही कमी असते. हौशी लोक ती ‘केएच’ या नावाने, अंशांत मोजतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होतं. एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पालटताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ मिलीग्रॅम क्षारता खर्च होते. समजा टाकीतल्या पाण्याचा केएच दोन अंश आहे. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलीग्रॅम, म्हणजे गंगाजळी ३६ मिलीग्रॅमची. पाच मिलीग्रॅम नायट्रोजन पालटेपर्यंत ती संपते. नायट्रेटच्या रंगपट्टीवर हे दिसतं २२ पीपीएमच्या आसपास, आणि पट्टी पाहणारा म्हणतो, अजून सगळं ठीक आहे.

ठीक काहीच नसतं. केएच संपला की पीएच घसरतो. सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया पुन्हा साठू लागतो. पाणी आंबट असल्याने तो अमोनियमच्या रूपात गप्प बसतो. मासे थोडे मलूल दिसतात, खाणं कमी करतात. मालकाला वाटतं, बरेच दिवस पाणी बदललं नाही, म्हणून असेल. तो रविवारी अर्ध्याहून जास्त पाणी काढतो आणि नळाचं ताजं पाणी भरतो. पीएच तासाभरात साडेसातच्या पुढे जातो, अमोनियम अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. मग दुकानात येणारं वाक्य ठरलेलं असतं, पाणी बदललं आणि मासे गेले. यातून पुढे ‘पाणी जास्त बदलू नये’ हा चुकीचा सल्ला जन्म घेतो आणि पुढच्या टाकीचा घात आणखी लवकर होतो.

हे सगळं आठवडाभर आधी सांगू शकते ती केएचची छोटी बाटली. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब मोजत जायचं, निळा रंग पिवळा झाला की थांबायचं. जितके थेंब, तितके अंश. विजेरी लागत नाही आणि रंगछटांचा वाद होत नाही, कारण एका थेंबात रंग पालटतो. हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीला मिळते आणि महिनोन्‌महिने पुरते. आकडा कमी आला, तर उपाय घरातच आहे. ५० लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा केएच दोन अंशांनी वाढवतो. तो आधी पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून, थोडा थोडा घालायचा. पण अमोनियाची चाचणी आधी करायची. अमोनिया साठलेला असताना सोडा घातला, तर पीएच चढून वर सांगितलेला घात आपल्याच हातून होईल. मुंबई-ठाण्याच्या गोड्या पाण्याच्या टाकीला पहिली खरेदी कोणती, असं कोणी विचारलं, तर मी अमोनियाच्या थेंबांसोबत ही बाटली सांगते. काउंटरवर ती सहसा मागच्या फळीवर असते आणि पुढे चमकत असतात ती पेनं.

आता पीएचच्या पेनाकडे येऊ. ते टीडीएस पेनासारखंच दिसतं, म्हणून लोक दोघांना सारखंच वागवतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्रं-लिंबू उत्पादकांकडच्या एका रसायनज्ञाने आपली अडचण आर्नोल्ड बेकमनकडे नेली. लिंबाच्या रसात टिकण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंग उडायचा आणि त्या वेळचे इलेक्ट्रोड बिघडायचे. बेकमनने काचेचा इलेक्ट्रोड घेतला, त्याचा अगदी क्षीण संकेत व्हॅक्यूम ट्यूबने वाढवला आणि सगळं एका पेटीत बसवलं. १९३५ मध्ये ती पेटी १९५ डॉलरला विकायला आली. आज आपल्या हातातल्या पेनात तत्त्व तेच आहे. पातळ काचेचा एक फुगा, त्याच्या आतबाहेरच्या पाण्यातल्या फरकाने निर्माण होणारा विजेचा दाब, आणि २५ अंशांना पीएचच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक. व्हॅक्यूम ट्यूबची जागा चिपने घेतली आणि यंत्र स्वस्त झालं. काच मात्र काचच राहिली.

ती काच ओली ठेवावी लागते, आणि तीही पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. डिस्टिल्ड पाण्यात ठेवली तर ती हळूहळू निकामी होते, आणि स्वच्छ म्हणून बहुतेक घरांत नेमकं तेच पाणी वापरलं जातं. वापर असो की नसो, वर्ष-दोन वर्षांत इलेक्ट्रोड म्हातारा होतो. पाचशे ते हजार रुपयांच्या पेनासोबत ४.०१ आणि ६.८६ अशा दोन पावडरींच्या पुड्या येतात. प्रत्येक पुडी २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून तिच्यावर पेन लावून घ्यायचं असतं. ती नळाच्या पाण्यात विरघळवली, तर पेन पहिल्या दिवसापासून चुकीचा आकडा खरा मानून चालतं. वर पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. पेन ०.३ ने चुकलं, म्हणजे आम्लतेचा अंदाज दुपटीने चुकला. मऊ पाण्यात, म्हणजे मुंबईच्या किंवा आरओच्या पाण्यात, काचेचा इलेक्ट्रोड स्थिर व्हायला वेळ घेतो आणि आकडा बराच वेळ सरकत राहतो. शिवाय झाडं असलेल्या टाकीत पीएच पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. वेळ न पाहता घेतलेला एकच आकडा टाकीबद्दल फारसं सांगत नाही.

त्यामुळे पीएच पेनाची किंमत पावतीवर लिहिलेली नसते. त्यात बफर द्रावण, साठवणीचं द्रावण, महिन्यातून एक-दोनदा कॅलिब्रेशनसाठी बसण्याची तयारी आणि वर्ष-दीड वर्षाने नवं पेन धरा. स्वस्त पेनाचा इलेक्ट्रोड बदलता येत नाही, यंत्रच फेकावं लागतं. काही हजारांच्या पेनांत तो बदलता येतो आणि तीन-चार वर्षांच्या हिशेबात तेच पेन बरं पडतं. पैदास करणारा, झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडणारा किंवा रोज लांबून माल उतरवणारा दुकानदार यांना हा खर्च परवडतो, कारण त्यांच्या हातात दिवसाला दहा निर्णय असतात. दोन आठवड्यांतून एकदा पाणी बदलणाऱ्या घराला पीएचचे थेंब पुरतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे रंग डोळ्याऐवजी प्रकाशाने मोजणारी यंत्रं. हॅना कंपनीचे चेकर घराघरात माहीत नसले, तरी समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांना पाठ असतात. अमेरिकेत एकेक चेकर साधारण ५० ते ७० डॉलरना मिळतो. छोट्या कुपीत टाकीचं पाणी, त्यात रसायन, मग ठरावीक रंगाचा प्रकाश कुपीतून आरपार किती गेला, त्यावरून आकडा. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा बिघडतो. प्रत्येक चेकर एकच गोष्ट मोजतो आणि रसायनाच्या एका खोक्यात सहसा २५ चाचण्या होतात, म्हणजे यंत्रापेक्षा रसायनाचा खर्च मोठा होत जातो. तरी या यंत्रांचं एक मोल मला फार मोठं वाटतं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही, अशी माणसं आपल्यात बरीच आहेत, पुरुषांत जास्तच. पिवळसर दिव्याखाली पट्टी पाहणाऱ्या साठीतल्या डोळ्यांचाही तोच प्रश्न. त्यांच्यासाठी हा आकडा म्हणजे हा छंद स्वतःच्या बळावर करता येण्याचा मार्ग आहे.

यंत्र घेताना मात्र आकड्यासोबत छापलेली चूक वाचायला हवी. फॉस्फेटचा एचआय ७१३ हा चेकर अधिक-उणे ०.०४ पीपीएम, शिवाय आकड्याच्या चार टक्के, एवढ्या फरकाने मोजतो. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट ०.१ च्या आत ठेवायचं असतं. म्हणजे पडद्यावर ०.०४ दिसलं, तर टाकीत खरं शून्य असेल किंवा ०.०८. म्हणूनच अनुभवी लोक त्याऐवजी फॉस्फरस पीपीबीत मोजणारा एचआय ७३६ घेतात आणि आकड्याला ३.०६६ ने गुणून, हजाराने भागून फॉस्फेट काढतात. ब्रिटनमध्ये तयार होणारं सीनाय नावाचं यंत्र तर टाकीत बुडवून ठेवलं की मुक्त अमोनिया सतत दाखवतं, पण दर ३० दिवसांनी त्याची स्लाइड बदलावी लागते. यंत्र एकदा विकत घेतलं तरी त्याचं भाडं चालूच राहतं.

या महाग यंत्रांचा मोठा बाजार अमेरिका-युरोपातल्या प्रवाळांच्या टाक्यांत आहे. तिथे अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपोआप मोजणारी शेकडो डॉलरची यंत्रं घरात असतात. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे ती समुद्रातून काढून टाकीत ठेवता येत नाहीत. आपला समुद्र त्यांना सांभाळू दे, हे मला योग्य वाटतं. महाराष्ट्रात अशा यंत्रांची खरी गरज वेगळ्या पाण्याला आहे. पालघर, रायगड, सिंधुदुर्गच्या खाड्यांलगत कोळंबीची तळी आहेत. व्हॅनामेई कोळंबीला देशात २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि तळ्यांत बीज दाट पडू लागलं. तिथला जीवघेणा आकडा विरघळलेल्या प्राणवायूचा. पाणी ३० अंशांना लिटरमागे जेमतेम साडेसात मिलीग्रॅम प्राणवायू धरू शकतं, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, आणि पहाटे आकडा चारच्या खाली आला की कोळंबी काठाला येऊ लागते. पहाटे चार वाजता मीटर पाहून एरेटर चालू करणाऱ्याचं अख्खं पीक वाचतं. हजारो रुपयांचा तो मीटर एका रात्रीत वसूल होऊ शकतो. घरातल्या टाकीला त्याची गरज नाही. पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणारा पंप आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअरपंप एवढं पुरतं.

राहिला क्लोरीन, आणि तो मोजायची परंपरा तर महाराष्ट्राच्या गावागावांत आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर आरोग्यसेवक क्लोरोस्कोप घेऊन नळावर येतात, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग पाहून वहीत नोंद करतात. ‘ओटी टेस्ट’ हा शब्द ग्रामपंचायतीच्या शिपायालाही माहीत असतो. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, हा दंडक माणसांसाठी आहे. माशांच्या कल्ल्यांना त्याहून कमीही सोसत नाही. दुकानात अँटीक्लोरिन म्हणून मिळणारं द्रावण मुख्यतः सोडियम थायोसल्फेटचं असतं, फोटो धुणाऱ्यांचं जुनं हायपो. क्लोरीनचे थेंब स्वस्त असतात, आणि पावसाळ्यात नळाला उग्र वास येतो तेव्हा ते हाताशी असावेत.

सगळ्यांनी सगळं विकत घ्यावं, असं मला वाटत नाही. चांगला पीएच मीटर आणि अमोनियाचा चेकर यांना दिवसाला एकच नमुना मिळाला, तर इलेक्ट्रोड आणि रसायन आपल्या वेळेने जुनं होतंच. तेच यंत्र दुकानात असलं आणि गिऱ्हाइकाने बाटलीत पाणी आणलं, तर पाच-दहा रुपयांत खरी चाचणी होऊ शकते. परदेशात अनेक दुकानं ती फुकट करतात. आपल्याकडेही हे करायला अडचण पैशाची नाही. दुकानदाराला मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा विकण्याची सवय मोडावी लागेल, आणि गिऱ्हाइकाला पाणी घेऊन जाण्याची लावून घ्यावी लागेल. विज्ञान शिकवणाऱ्या शाळांनाही एवढ्या खर्चात नायट्रोजनचं चक्र मुलांसमोर दर आठवड्याला नव्या आकड्यांत घडताना दाखवता येईल.

तोवर घरच्या टाकीसाठी माझी शिफारस साधी आहे. तापमापक, अमोनिया आणि नायट्राइटचे थेंब, केएचची बाटली, अँटीक्लोरिन, आणि तारखेसह आकडे लिहायला एक वही. पेनं नंतर, गरज पडली तर. आणि थेंबांच्या बाटल्या घेताना त्यांच्यावर छापलेली मुदत पाहून घ्या. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा आणि उन्हात ठेवू नका.